अंगठा उठत नाही तिथून सुरुवात करा

समाजकार्य, अर्थशास्त्र, कायदा, पत्रकारिता आणि आता संगणकशास्त्र शिकणारेही अनेक तरुण 'माहिती तंत्रज्ञानाचे सामाजिक परिणाम' हा विषय प्रबंधासाठी निवडू लागले आहेत. ही फार चांगली गोष्ट आहे. अडचण येते ती विषयाच्या आकाराची. 'डिजिटल प्रशासन आणि ग्रामीण समाज' असे शीर्षक नोंदवले जाते, वर्षभर वाचन होते, शंभर जणांकडून प्रश्नावली भरून घेतली जाते आणि शेवटी निष्कर्ष निघतो की तंत्रज्ञानाचे फायदे आहेत तसे तोटेही आहेत. एवढ्या कष्टांनंतर इतकेच हाती यावे, असे या अभ्यासाच्या वाट्याला यायला नको. तुम्ही या वाटेने जाणार असाल तर काही गोष्टी आधीच ठरवून घ्या.

सर्वांत आधी, तंत्रज्ञान हा विषय घेऊ नका. एक नकार विषय म्हणून घ्या. यंत्राने कुणाला तरी कुठे तरी 'नाही' म्हटलेले असते. रेशन दुकानात म्हातारीचा अंगठा उठत नाही. अर्ज भरताना ओटीपी ज्या नंबरवर जातो तो मोबाइल कामासाठी परगावी गेलेल्या मुलाच्या खिशात असतो. आधारवरचे नाव आणि सातबारावरचे नाव एका अक्षराने जुळत नाही. यातला एकच नकार धरा आणि तो नेमका कुठे जन्माला आला, याचा शेवटपर्यंत माग काढा. नीती, न्याय, खासगीपणा हे मोठे शब्द त्या मागावर आपोआप भेटतात.

रेशनचेच उदाहरण घेऊ. ई-पॉस मशीनवर धान्य मिळायचे तर एकाच वेळी किती गोष्टी जुळून याव्या लागतात ते पाहा. मशीन चालू हवे, त्याला चार्जिंग हवे, गावात रेंज हवी, दूरवरचा सर्व्हर उत्तर देणारा हवा, कार्डावरच्या माणसाचे आधार जोडलेले हवे आणि त्याच्या बोटांवर ठसे शिल्लक हवेत. ऊसतोड, वीटभट्टी, धुणीभांडी करणाऱ्यांचे ठसे झिजतात. वय वाढले की आणखी पुसट होतात. 'थम्ब लागत नाही' एवढेच दुकानदार सांगतो. अभ्यासकाने तिथे थांबू नये. कडी नेमकी कोणती तुटली? रेंजची जबाबदारी एकाची, सर्व्हरची दुसऱ्याची, मशीन पुरवणाऱ्या कंत्राटदाराची तिसरी, आधार प्राधिकरणाची चौथी. कार्डधारकाला यातले काहीच दिसत नाही. त्याच्या दृष्टीने एकच गोष्ट घडते: आज धान्य मिळाले नाही, उद्याची मजुरी बुडवून पुन्हा यायचे. ही बुडालेली मजुरी कोणत्याही सरकारी तक्त्यात नोंदली जात नाही. ती तुमच्या वहीत नोंदवली गेली पाहिजे.

हे काम किती नेटाने करता येते याचा नमुना पाहायचा तर झारखंडवर झालेले दोन अभ्यास शेजारी ठेवून वाचा. पहिला ज्याँ द्रेझ, रीतिका खेरा, नाझर खालिद आणि अनमोल सोमांची यांचा. २०१७ मध्ये त्यांनी झारखंडच्या गावांत घरोघरी पाहणी केली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मुंबईतून निघणाऱ्या 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त निष्कर्ष मांडले. दुसरा कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहाउस आणि संदीप सुखटणकर या अर्थशास्त्रज्ञांचा. त्यांनी त्याच राज्यात फार मोठ्या प्रमाणावर, काही भागांत आधी आणि काही भागांत नंतर आधार-पडताळणी सुरू झाल्याचा उपयोग करून तुलना केली. दोघांची पद्धत वेगळी, स्वभाव वेगळा. तरी एका मुद्द्यावर दोघांची नोंद जुळते: ज्यांचे आधार शिधापत्रिकेला जोडलेले नव्हते, त्यांच्यावर या बदलाचा भार पडला. मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे रद्द झालेल्या शिधापत्रिकांचाही शोध घेतला. सरकारने या पत्रिका 'बनावट' म्हणून जाहीर केल्या होत्या. त्या पत्त्यांवर माणसे पाठवल्यावर कळले की रद्द झालेल्यांपैकी दहातल्या जवळजवळ नऊ पत्रिका खऱ्याखुऱ्या कुटुंबांच्या होत्या.

यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे, पण मला सर्वांत मोलाचे वाटते ते हे: यंत्रणा काय मोजते हे तपासा. झारखंडमध्ये 'रद्द झालेली पत्रिका' मोजली गेली आणि तिचे नाव 'वाचलेला पैसा' असे पडले. दार ठोठावल्याशिवाय हा फरक कळत नाही. हीच चूक पार वेगळ्या ठिकाणी, अमेरिकेतल्या दवाखान्यांतही घडली होती. कोणत्या रुग्णांना जास्तीची देखभाल द्यावी हे ठरवणारी एक संगणकीय प्रणाली तिथे मोठ्या प्रमाणावर वापरात होती. झियाद ओबरमायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचा अभ्यास २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात छापला. प्रणाली वंशाची नोंद वापरतच नव्हती. ती आजार किती गंभीर आहे हे ओळखण्यासाठी पुढे खर्च किती होईल याचा अंदाज बांधत होती. कृष्णवर्णीय रुग्णांवर तितक्याच आजारासाठी आजवर कमी पैसा खर्च झालेला, त्यामुळे प्रणालीला ते निरोगी वाटत. ही चूक दुरुस्त केली तर जास्तीची मदत मिळणाऱ्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर जाईल, असे त्यांनी दाखवले. कुणी वाईट हेतूने काही केले नव्हते. चुकीची गोष्ट मोजली गेली होती. म्हणून कोणतीही प्रणाली समोर आली की पहिला प्रश्न विचारा: हिला जे हवे आहे ते ती थेट मोजते आहे, की त्याच्या जागी दुसरेच काही?

दुसरा प्रश्न सरासरीचा. '९७ टक्के व्यवहार यशस्वी' असे कुणी सांगितले की उरलेले तीन टक्के कोण, हे विचारल्याशिवाय उठू नका. जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी २०१८ मध्ये चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या व्यापारी प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के, आणि गडद वर्णाच्या स्त्रियांच्या बाबतीत एका प्रणालीत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत. एकत्रित आकडा पाहिला असता तर हे कधीच दिसले नसते. आपल्याकडे वय, लिंग, काम, जात, आदिवासी पाडा की तालुक्याचे गाव, फोन स्वतःचा की घरातल्या पुरुषाचा, अशा रेषांवर आकडे फोडून पाहावे लागतील. यापैकी कोणती रेष महत्त्वाची हे कार्यालयात बसून ठरत नाही. आठवडाभर दुकानाच्या ओट्यावर बसले की ठरते.

महाराष्ट्रातच अभ्यासाला विषय हवा असेल तर अंगणवाडी सेविकांकडे जा. पोषण अभियानात त्यांना मोबाइल दिले गेले आणि २०२१ मध्ये केंद्र सरकारचे 'पोषण ट्रॅकर' हे ॲप आले. त्या ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या सेविकांनी ते मोबाइल शासनाला परत केले. फोन निकृष्ट आहेत, नव्या ॲपचा भार पेलत नाहीत, दुरुस्तीचा खर्च आमच्या माथी येतो आणि ॲपमध्ये माहिती इंग्रजीत भरावी लागते, असे त्यांचे म्हणणे होते. या घटनेत अभ्यासकाला हवे ते सगळे आहे. तंत्रज्ञान निवडले कुणी? ज्यांनी वापरायचे त्यांना कुणी विचारले होते का? वजन-उंचीची नोंद रजिस्टरमध्येही आणि ॲपमध्येही करावी लागत असेल तर तो वेळ कुणाच्या वाट्याचा कापला जातो, मुलांच्या की सेविकेच्या घरच्यांच्या? माहिती भरली नाही तर मानधनावर परिणाम होण्याची भीती असेल, तर भरलेली माहिती कितपत खरी राहते? हा शेवटचा प्रश्न फार कमी जण विचारतात आणि धोरण ठरवणाऱ्यांना तो सर्वांत जास्त उपयोगाचा आहे. सेविका तक्रार करतात म्हणजे त्या तंत्रज्ञानाच्या विरोधात आहेत, असा सोपा अर्थ कृपा करून लावू नका. अनेकजणी स्वतःच्या फोनवर सगळे व्यवहार सफाईने करतात. त्यांचा आक्षेप विशिष्ट फोनला, विशिष्ट ॲपला आणि न विचारता लादलेल्या कामाला होता. तो त्यांच्या शब्दांत लिहून घ्या.

आता दुसरी बाजू, आणि मला हीच जास्त महत्त्वाची वाटते. यंत्रणा माणसांची माहिती न विचारता घेते, त्यांना आकड्यात बदलते, त्यांना उत्तर देत नाही, असे आपण म्हणतो. मग अभ्यासक म्हणून आपण नेमके हेच करत नाही ना? या क्षेत्रात संशोधकांनी केलेल्या चुकांचा इतिहास मोठा आहे. जानेवारी २०१२ मध्ये एका आठवड्यासाठी फेसबुकने ६,८९,००३ वापरकर्त्यांना दिसणाऱ्या मजकुरात फेरफार केला, काहींना आनंदी मजकूर कमी, काहींना दुःखी कमी, आणि त्याचा त्यांच्या लिहिण्यावर काय परिणाम होतो ते पाहिले. २०१४ मध्ये शोधनिबंध छापून आला तेव्हा जगभर संताप झाला. त्या माणसांना आपल्यावर प्रयोग होतो आहे हे माहीतच नव्हते. नियतकालिकाला संमतीच्या प्रश्नावर चिंता व्यक्त करणारे संपादकीय टिपण जोडावे लागले. त्याआधी २००८ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी एका महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांची फेसबुकवरची माहिती नावे काढून खुली केली होती. महाविद्यालयाचे नाव दिलेले नव्हते. पण माहितीसोबतच्या वर्णनात तिथल्या अभ्यासक्रमांची नावे होती, आणि तेवढ्यावरून ते महाविद्यालय हार्वर्डच आहे हे लवकरच ओळखले गेले. मायकेल झिमर यांनी २०१० मध्ये या प्रकरणावर लिहिलेला निबंध 'माहिती तर आधीच सार्वजनिक होती' या सबबीचा समाचार घेतो. फेसबुक, व्हॉट्सॲप गट किंवा यूट्यूबच्या प्रतिक्रिया अभ्यासणाऱ्या प्रत्येकाने तो वाचावा.

आपल्या गावांत हा धोका कितीतरी पटीने मोठा आहे. प्रबंधात तुम्ही सेविकेचे नाव बदलून 'सुनीता' केले, पण गावाचे नाव खरे ठेवले, तर लपवले काय? गावात अंगणवाड्या दोनच. त्यातली एक सेविका चाळिशीची, विधवा, बारावी शिकलेली, असे तुम्ही लिहिले की पर्यवेक्षिका पहिले पान उलटायच्या आत तिला ओळखेल. नाव लपवणे हा पुरेसा उपाय नाही. ओळख लपवावी लागते. गाव बदला, तालुका सांगू नका, जिल्हा किंवा विभागापर्यंतच थांबा. वय नेमके न देता दशकात द्या. दोघींचे अनुभव एकत्र करून एक पात्र उभे करण्याचा मोह होतो, पण संशोधनात तसे करू नका. त्यापेक्षा एखादा तपशील गाळा आणि गाळला आहे असे सांगा. जो तपशील गाळल्याने मुद्दा कमकुवत होतो पण ठेवल्याने माणूस उघडा पडतो, तिथे मुद्दा कमकुवत होऊ द्या. याबद्दल माझ्या मनात कधीच दुमत नसते.

रेशन दुकानदाराबाबतही हेच. त्याला खलनायक ठरवून मोकळे होणे सोपे असते. मशीन बंद पडल्यावर लोकांचा राग झेलणारा तोच, आणि क्वचित मशीनच्या नावाखाली धान्य मारणाराही तोच. दोन्ही शक्यता मनात ठेवून त्याच्याशी बोला. त्यालाही संमती विचारायची आहे.

संमतीचा कागद हा तर स्वतंत्र विषय. विद्यापीठाच्या नमुन्यातला, कायद्याच्या भाषेतला दोन पानी मजकूर वाचून दाखवून अंगठा घेतला तर ती संमती नव्हे. अंगठा घेण्याच्या प्रथेचाच आपण अभ्यास करतो आहोत हे लक्षात ठेवा. सरळ बोलीत सांगा: मी अमुक कॉलेजची विद्यार्थिनी आहे, सरकारची माणूस नाही. माझ्याशी बोललात म्हणून रेशन सुरू होणार नाही आणि बोलला नाहीत म्हणून बंदही होणार नाही. कधीही 'आता पुरे' म्हणू शकता. तुम्ही सांगितलेले मी अमुक ठिकाणी लिहीन, तुमचे नाव लिहिणार नाही. एवढे बोलून झाल्यावर त्यांनाच विचारा, 'मी काय सांगितले?' त्यांनी उलट सांगितलेल्यात 'तुम्ही आमचे कार्ड चालू करून देणार' असे आले, तर पुन्हा पहिल्यापासून. आणि ही बोलणी शक्यतो सरपंच, ग्रामसेवक, सासू किंवा दुकानदार जवळ नसताना करा.

मग प्रश्न येतो मदतीचा. समोरच्या बाईचे कार्ड चुकीने रद्द झाले आहे, तक्रार कुठे करायची हे तुम्हाला माहीत आहे. अभ्यासकाने गप्प राहावे का? काही शिक्षक सांगतात, हस्तक्षेप केला तर निष्कर्ष बिघडतात. मी हे मानत नाही. मुलाखत पूर्ण करा, मग सांगा. अन्न सुरक्षा कायदा, २०१३ ने जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याची तरतूद केली आहे हे सांगा, अर्ज लिहायला हात लावा आणि आपण मदत केली अशी नोंद आपल्या वहीत ठेवा. केंद्राच्या अन्न विभागाने २४ ऑक्टोबर २०१७ रोजी राज्यांना पत्र लिहून कळवले होते की केवळ आधार नाही म्हणून कुणाचे धान्य नाकारू नये, आणि ठसे जुळले नाहीत किंवा नेटवर्क नसले तरी कागदपत्र पाहून धान्य द्यावे व अशा व्यवहारांची वेगळी नोंद ठेवावी. ही अपवादांची नोंद अभ्यासकासाठी सोन्याची खाण आहे. दुकानात, तहसीलच्या पुरवठा शाखेत तिची चौकशी करा. नोंद ठेवलीच जात नसेल तर तेही एक निरीक्षण आहे.

कागदपत्रांचे काम तंत्र म्हणून शिकून घ्यावे लागते. महाराष्ट्र शासनाचे शासन निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर विभागवार मिळतात; प्रत्येकाला संकेतांक असतो, तो टिपून ठेवा, कारण पुढच्या जीआरमध्ये आधीचा 'अधिक्रमित' झालेला असतो आणि कोणत्या दिवशी कोणता नियम लागू होता हे तुम्हाला सांगता आले पाहिजे. निविदा आणि करार मिळवा. मशीन किती वेळ चालू राहिले पाहिजे, बंद पडल्यास किती तासांत दुरुस्ती, न झाल्यास दंड किती, अशा अटी तिथेच सापडतात. दंड खरोखर वसूल झाला का, हा माहिती अधिकाराच्या अर्जासाठी उत्तम प्रश्न. अर्जाची फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. आपल्या राज्याच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत ठेवायचा असतो, तेव्हा अर्ज फोडून करा. व्यक्तींची यादी मागू नका. एक तर ती नाकारली जाण्याची शक्यता मोठी, कारण डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ ने माहिती अधिकारातली वैयक्तिक माहितीची तरतूद अधिक कडक केली आहे. दुसरे म्हणजे ती यादी तुमच्याकडे असणे हीच एक जोखीम. महिनावार, दुकानवार किती व्यवहार फसले, कोणत्या कारणाने, एवढे आकडे मागा.

हाच २०२३ चा कायदा संशोधनासाठी काही सवलत देतो. अट अशी की गोळा केलेल्या माहितीवरून त्या विशिष्ट व्यक्तीबाबत कोणताही निर्णय घेतला जाऊ नये आणि ठरवून दिलेली मानके पाळली जावीत. सवलत आहे म्हणून सैल राहू नका. तुमच्या संस्थेत नैतिकता समिती असेल तर तिची परवानगी क्षेत्रात उतरण्याआधी घ्या. नसेल तर मार्गदर्शकासह तीन जाणत्या माणसांपुढे आराखडा ठेवा. त्यात एकजण तरी ज्या समाजात तुम्ही जाणार त्यातला असावा. १९७९ चा बेलमाँट अहवाल आणि संगणक-संशोधनासाठी त्याचा विस्तार करणारा २०१२ चा मेन्लो अहवाल आधी वाचा. दोन्ही छोटे आहेत.

वाचनाचे म्हणाल तर यादी लांबवत नाही. नॉर्बर्ट वीनर यांनी १९५० मध्येच स्वयंचलित यंत्रांचा माणसांच्या समाजावर काय परिणाम होईल यावर पुस्तक लिहिले होते. जोसेफ वायझेनबॉम यांनी १९६६ मध्ये संभाषण करणारा 'एलायझा' हा प्रोग्राम लिहिला आणि लोक त्यात गुंतताना पाहून पुढे तेच संगणकाच्या मर्यादांबद्दल बोलू लागले. हेलन निसेनबॉम यांची मांडणी मात्र सविस्तर वाचा: माहिती ज्या संदर्भात दिली गेली त्याच संदर्भाच्या रीतीने ती पुढे जावी, ही त्यांची भूमिका. डॉक्टरला सांगितलेले डॉक्टरपाशी राहावे, रेशनसाठी दिलेले रेशनपुरते. आपल्या सरकारी योजनांच्या अभ्यासाला ही कल्पना फार नेमकी लागू पडते. आणि २४ ऑगस्ट २०१७ चा सर्वोच्च न्यायालयाचा पुट्टस्वामी निकाल. नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तो निकाल कायद्याचे विद्यार्थी नसलात तरी चाळा.

एकट्याने हे सगळे करणे कठीण. संगणक अभियांत्रिकीचा एक आणि समाजकार्याची एक अशी जोडी जमली तर काम कितीतरी पुढे जाते. अभियंता सांगतो की 'सर्व्हर डाउन' या तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात. समाजकार्याच्या विद्यार्थिनीशी ओट्यावरच्या बायका खरे बोलतात. एखाद्या कंपनीने पैसा दिला असेल तर तो पहिल्या पानावर जाहीर करा, आणि निष्कर्ष छापण्याआधी दाखवण्याची अट असेल तर तो पैसा घेऊ नका.

आता उरली साठवण. मुलाखतींचे रेकॉर्डिंग फोनमधून आपोआप क्लाउडवर जात नाही ना, हे पहिल्या दिवशी तपासा. मराठी बोलणे लिहून देणारी एआयची साधने हाताशी आहेत आणि त्यांनी वेळ वाचतो, पण तिथे चढवलेला आवाज कुठल्या सर्व्हरवर जातो आणि किती काळ राहतो हे सांगता येत नसेल तर कानाला हेडफोन लावून स्वतः लिहून काढा. स्वतः लिहिताना थांबे, हुंदके, अर्ध्यात सोडलेली वाक्येही कळतात. शिधापत्रिकेचा, आधारचा फोटो काढू नका. काढावाच लागला तर क्रमांकावर कागद ठेवा. फोटोत ठिकाणाची नोंद आपोआप होते, ती सोय बंद करा. खरी नावे आणि सांकेतिक क्रमांक यांची जोडवही वेगळी, कुलपात, शक्यतो कागदावरच. प्रबंध सादर होण्याआधी गावात परत जा, ज्यांनी वेळ दिला त्यांना त्यांच्यापुरता भाग वाचून दाखवा आणि 'हे काढा' असे कुणी म्हटले तर काढा. रेकॉर्डिंग कोणत्या तारखेला पुसायचे ते संमती घेतानाच सांगितलेले असावे. ती तारीख आली की पुसा, जोडवही फाडा, आणि तसे केल्याचे मार्गदर्शकाला लेखी कळवा.